झाडावर तो, झाडाखाली आपण

(धाराशिव जिल्ह्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)

आज बचतीचा हिशोब नाही, दारूचा प्रश्नही नाही. आज मला चिंचेच्या झाडाबद्दल बोलायचं आहे. हसू नका. इथं बसलेल्यांपैकी चिंचा वेचायला किंवा फोडायला कधीच गेली नाही, अशी किती जणी आहेत?

काम कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको. शेतकरी बांधावरचं झाड व्यापाऱ्याला उक्तं देतो. व्यापारी माणसं आणतो. गडी शेंड्यापर्यंत चढतो, फांद्या हलवतो, काठीनं झोडतो. आपण खाली वेचतो, मग फोडतो, चिंचोके काढतो. त्याची मजुरी जास्त, आपली कमी. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तो जीव धोक्यात घालतो."

खरं आहे. पण तो जीव वाचवायची तयारी कुणी केली आहे? ना दोर, ना कमरेला पट्टा.

तीन वर्षांपूर्वी कळंब तालुक्यातली आपली एक मैत्रीण नवऱ्याबरोबर चिंचेला गेली होती. फांदी मोडली, तो खाली आला. माणसं धावली. हातपाय धरून उचललं, पाणी पाजलं, जीपमध्ये दुमडून बसवलं. तो जगला, पण कमरेखाली जीव राहिला नाही. पडण्यानं किती मोडलं आणि उचलण्यानं किती, हे आता कुणी सांगू शकत नाही. ती मला म्हणाली, "ताई, मी तिथंच होते. माहीत असतं तर कुणाला हात लावू दिला नसता."

मी एम.एस.डब्ल्यू. केलं. समुपदेशन शिकले, कायदे शिकले. झाडावरून पडलेल्या माणसाला कसं उचलायचं, ते मलाही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी शोधायला लागले.

ब्रिटनमध्ये झाडांवर काम करणाऱ्यांना चढणं आणि वर अडकलेल्याला खाली आणणं, ही दोन्ही कामं जोडीनं शिकवतात. शिकवणारा वेगळा, परीक्षा घेणारा वेगळा. परीक्षा कागदावर नाही, झाडावर. आधी विजेची तार आहे का बघायचं, मदतीला हाक द्यायची, मग चढायचं, अडकलेल्याला आपल्या दोराशी जोडायचं आणि सावकाश उतरवायचं. पट्ट्यात निपचित लटकलेल्याला फार वेळ ठेवता येत नाही. रक्त पायात साचतं. उंचीवरच्या कामाचे 2005 चे नियम तिथं आहेत. सुटका कशी करायची हे काम सुरू होण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. म्हणून वर एक माणूस असेल तर खाली सुटका शिकलेलं दुसरं माणूस हवंच, जवळ चढायचं साहित्य घेऊन.

खालचं दुसरं माणूस! मैत्रिणींनो, आपल्याकडं ते माणूस कोण असतं? बाई.

ब्रिटन लांब वाटतं, तर केरळ बघा. नारळ विकास मंडळानं 2011 साली नारळावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं. सहा दिवस शिकवायचं, चढायचं यंत्र द्यायचं, विमा उतरवायचा. बायकाही शिकल्या. चिंच नारळासारखी सरळसोट नसते, तिथं ते यंत्र चालणार नाही. चिंचेला दोर आणि पट्टाच लागेल. पण बाईला हे जमत नाही, ही सबब केरळात संपली.

आणि आपल्याला चढता येत नाही, हे खरं तरी आहे का? उन्हाळ्यात शेळ्यांना पाला कोण तोडतं? लहानपणी आपण चढतच होतो. पाळी आली आणि झाड विटाळायला लागलं!

मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "आता आम्हीच चढून आमचीच हाडं मोडून घ्यायची का?" प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की आधी खालचं शिकू. पडलेल्याला बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय ओढायचे नाहीत. 108 ला फोन करायचा. डोकं हलू द्यायचं नाही. हलवावंच लागलं तर चौघांनी मिळून मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यायचं. तारेला चिकटलेल्याला वीज बंद झाल्याशिवाय शिवायचं नाही. मग जिला चढायचं असेल तिनं दोरावर शिकावं, परीक्षा द्यावी आणि चढणाऱ्याची मजुरी हक्कानं मागावी.

भरपाईचंही बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडणं धरलेलं आहे. मृत्यूला 2 लाख रुपये आहेत. पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या नाव नसलेल्या एका व्यक्तीला. चिंचेवर चढणारा बहुतेक भूमिहीन. आपल्या मैत्रिणीच्या हातात काही पडलं नाही, ते यामुळंच.

म्हणून तीन मागण्या आहेत. दोर, पट्टा आणि खाली सुटका शिकलेलं माणूस असल्याशिवाय झाडावर कुणी चढणार नाही, आणि त्याचा खर्च झाड घेणाऱ्यानं करायचा. प्रशिक्षण आणि परीक्षा बायकांनाही खुली हवी. भूमिहीन मजुराला अपघाताची भरपाई हवी.

1993 च्या भूकंपानंतर याच जिल्ह्यात, घर बांधणं हे बाईचं काम नाही असं म्हणत होते. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावी संवाद सहायक म्हणून बायकाच उभ्या राहिल्या. भिंत कशी मजबूत करायची हे त्या शिकल्या आणि गवंड्याला जाब विचारू लागल्या.

पुढच्या चिंचेच्या हंगामाआधी प्रत्येक गटातून दोघी-दोघींची नावं द्या. त्या मैत्रिणीनं आपलं नाव सगळ्यांत आधी दिलं आहे.