वंध्यत्वाचा उपचार आणि विमापत्राची भाषा



विमापत्र हे काही वाङ्मय नव्हे. तथापि त्यातील एखादा शब्द कुटुंबाच्या भवितव्यावर जेवढा परिणाम घडवितो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या मजकुरातील शब्द घडवीत असेल. ‘वंध्यत्व’ हा असाच एक शब्द होय. लोकभाषेत त्याचे जे रूढ रूप आहे, ते केवळ स्त्रीलाच चिकटविले जाते. जागतिक आरोग्य संघटना मात्र त्यास पुरुषाच्या अथवा स्त्रीच्या जननसंस्थेचा आजार म्हणते. आयुष्यात केव्हा ना केव्हा दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला त्यास तोंड द्यावे लागते, असा अंदाज या संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केला.

आजार म्हटला की आरोग्यविम्याचे साहाय्य मिळेलच, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ साली विमापत्रांतील अपवादांची भाषा सर्व कंपन्यांकरिता एकसारखी करून दिली. त्यांतील सतरावा अपवाद वंध्यत्वाविषयी आहे. कृत्रिम रेतन, आयव्हीएफ, सरोगसी हे सारे त्यात येते. आणि नवल असे की, संततिनियमनाचा खर्चही त्याच कलमात बसविलेला आहे. मूल हवे असणारा आणि नको असणारा, दोघेही एकाच वाक्याने दाराबाहेर! २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेनेही हे उपचार वगळले आहेत.

याचे कारण विम्याच्या मूळ तत्त्वात आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर अकस्मात संकट कोसळेल त्यास त्यातून मदत व्हावी, हे ते तत्त्व. हा उपचार अकस्मात येत नाही. दांपत्य तो विचारपूर्वक निवडते. शिवाय त्याचा बराचसा भाग रुग्णालयात मुक्काम न करता पार पडतो, आणि एका आवर्तनाने यश येईलच अशी शाश्वती नसल्याने तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. कंपनीची अडचण खोटी नाही. परंतु तिच्या अडचणीचे ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर येते, हाही प्रश्न आहे.

अलीकडे काही विमापत्रांत, विशेषतः नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात, हा खर्च काही प्रमाणात समाविष्ट असतो. अशा योजनांची तुलना करताना केवळ हप्ता पाहून भागत नाही. प्रतीक्षाकाल किती, खर्चाची मर्यादा किती, ती एका आवर्तनास की साऱ्या आयुष्यास, आणि बाहेरून आणलेली इंजेक्शने व तपासण्या तीत धरल्या आहेत काय, हे चार प्रश्न लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारावेत. पूर्वी घेतलेले उपचार लपवू नयेत. त्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. या सोयीसाठी वर्षाला १२,००० रुपये अधिक हप्ता आहे, प्रतीक्षाकाल ३ वर्षांचा आणि मर्यादा १ लाखाची आहे. चौथ्या वर्षी उपचारास २ लाख रुपये लागले, तर तोवर ४८,००० रुपये भरून हाती १ लाख येईल. उरलेला १ लाख पुन्हा खिशातूनच जाईल. हा झाला पैशाचा हिशेब. परंतु पस्तिशीनंतर स्त्रीची गर्भधारणेची शक्यता वेगाने घटत जाते. छत्तिसाव्या वर्षी विमा घेणाऱ्या स्त्रीस त्या तीन वर्षांचे मोल कोणती कंपनी भरून देणार?

येथे इतिहासाचे स्मरण करणे उचित ठरेल. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांमुळे ज्या बालिकेचा जन्म झाला, ती मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मली. हे रुग्णालय महानगरपालिकेचे; म्हणजे करदात्यांचे. सार्वजनिक रुग्णालयात सिद्ध झालेली ही विद्या पुढे मुख्यतः खाजगी दवाखान्यांत गेली, आणि तिच्याबरोबर तिची किंमतही. तरी मार्ग बंद झालेला नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेने २०११ साली आपल्या लाभार्थींना ठरावीक मर्यादेपर्यंत आयव्हीएफचा खर्च परत देण्याची तरतूद केली. २०२३ साली गोव्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असे उपचार विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला.

२०२१ च्या कायद्याने स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीचा बारा महिन्यांचा विमा उतरविणे उपचार घेणाऱ्यांवर बंधनकारक केले. ही तरतूद न्याय्य आहे. मात्र दुसरीच्या सुरक्षिततेसाठी विमा घेणाऱ्या त्या दांपत्याचा स्वतःचा उपचार बहुधा विम्याबाहेरच राहतो. आजार म्हणून ज्यास आपण मान्यता दिली, त्यास विमापत्रातही आजाराचेच स्थान मिळावे, अशी मागणी करणे ही याचना नव्हे. तोवर सहीपूर्वी अपवादांचे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, एवढीच माझी विनंती आहे.