राहुकाळात सुटलेलं यान
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘अवकाशस्थानकाला यान कसं जोडतात’. स्थानक 400 किलोमीटर उंचीवर, वेग ताशी 28 हजार, दीड तासाला एक फेरी, हे तुम्हाला पाठ आहे, सोडून देतो. मी बोलणार आहे राहूबद्दल. (हशा) हसा, पण माझं म्हणणं पक्कं आहे. टीव्हीवर दिसतात ते शेवटचे दहा मीटर. खरी गाठ पडते ती उड्डाणाच्या क्षणी, जमिनीवर.

कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरमला कुणी गेलंय? बरेच हात वर आहेत. नागनाथस्वामींच्या देवळात राहू मानवी रूपात, दोन्ही पत्नींसह आहे. राहुकाळात त्याला दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळताना ते दूध निळं होतं, अशी ख्याती. मी पाहिलं का? माझ्यापुढे एक उंच गृहस्थ उभे होते, एवढंच सांगतो. (हशा) साधारण दीड वर्षानं राहू रास बदलतो, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. दीडच वर्ष का? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला दोन ठिकाणी छेदते. चढत्या छेदाला आपण राहू म्हणतो, उतरत्याला केतू. हे बिंदू उलटे सरकत 18.6 वर्षांत फेरी पुरी करतात. बारा राशींनी भागा! डोळ्यांना न दिसणारा बिंदू आपल्या गणितींनी ग्रहांच्या पंगतीला बसवला. पुढच्या रांगेत नकारार्थी मान हलतेय. नाही हो, मी कुणाची पत्रिका मांडत नाही. आणि मागच्यांनो, देवळाची टिंगलही करत नाही. भूमितीपुरतं ऐका.

स्थानकालाही असा राहू आहे. त्याची कक्षा विषुववृत्ताशी 51.6 अंशांनी कललेली. पृथ्वी कमरेशी फुगीर असल्यानं त्या कक्षेचा पात, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा छेद, रोज सुमारे 5 अंश मागे सरकतो, राहूसारखाच उलटा. स्थानकाकडे जाणारं यान त्या कक्षेच्याच पातळीत सोडायला हवं. वर गेल्यावर सुधारू म्हणाल, तर नुसती एक अंशाची चूक मोडायला सेकंदाला सुमारे 130 मीटरचा वेग खर्ची पडतो, तेवढं इंधन जातं. आणि पृथ्वी तर चार मिनिटांत एक अंश फिरते.

आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांच्या स्थानकाकडच्या उड्डाणाच्या वेळा आठवा, आपल्या घड्याळानं. 2025च्या 10 जूनला संध्याकाळी 5:52 ठरली होती. ते पुढे ढकललं, 11 जूनला 5:30. तेही ढकललं. अखेर 25 जूनला दुपारी 12:01. रोज वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे! उड्डाणतळ स्थानकाच्या पातळीखाली येतो तो क्षण पात सरकल्यानं अलीकडे येत राहतो. नासा-स्पेसएक्सला मुहूर्त निवडायचा अधिकारच नव्हता. आणि 25 जूनला वार कुठला? बुधवार. दिनदर्शिकेत बुधवारचा राहुकाळ 12 ते 1:30. (हशा, टाळ्या) फ्लोरिडात तेव्हा रात्रीचे अडीच होते, तिथे तो लागू नाही, असं कुणीतरी म्हणतंय. मान्य. पण माझा राहू चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला यान स्थानकाला जोडलं गेलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. उड्डाणानंतरचा पाठलाग दोन वाक्यांत सांगतो. खालच्या कक्षेत वेग जास्त, म्हणून मागे पडलेल्यानं खाली राहून गाठायचं. जून 1965मध्ये जेमिनी-4च्या मॅकडिव्हिटनं समोरच्या रॉकेटच्या टप्प्याकडे सरळ जोर लावला; त्यानं यानाची कक्षा वर गेली आणि टप्पा दूर राहिला.

आता नेहमीची हरकत. आपल्या स्पेडेक्स या जोडणीच्या प्रयोगाचे दोन उपग्रह एकाच पीएसएलव्हीवरून, 30 डिसेंबर 2024ला गेले. पातळी आपोआप एकच, मग राहू कुठे? बरोबर आहे. तिथे सगळी कसोटी शेवटच्या मीटरांत होती. 12 जानेवारीला तीन मीटरपर्यंत नेऊन इस्रोनं ते पुन्हा दूर केले, 16 जानेवारीला सेकंदाला सेंटीमीटरभर वेगानं जोडले. तेवढ्यापुरता मी हरलो. पण चांद्रयान-4चा बेत दोन रॉकेटांचा आहे. भाग वेगवेगळे जाणार, वर जोडले जाणार. दुसऱ्या रॉकेटला पहिल्याच्या पाताची वाट बघत श्रीहरिकोटात उभं राहावं लागेल, तेव्हा मला बोलवा.

अध्यक्ष उठलेच. प्रश्न बाहेर, चहाशी.