परक्या गावचे विद्यार्थी : बोलोन्याची गोष्ट

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेने आम्हांस परदेशातील शिक्षणावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही बँकेत लिपिक. परदेश आम्ही पाहिला तो परकीय चलनाच्या अर्जांवर. परंतु आमची भाची इटलीतील बोलोन्या या शहरी विनिमय विद्यार्थिनी म्हणून सहा महिने राहून आली. तिने फोनवर जे सांगितले आणि त्या निमित्ताने आम्ही जे वाचून काढले, त्या आधारावर बोलत आहोत. परदेश म्हटला की आपल्या मुलांना लंडन आणि अमेरिका एवढेच आठवते, म्हणून मुद्दाम हे गाव निवडले.

प्रथम विनिमय म्हणजे काय ते पाहू, कारण यात आपल्या पालकांचा मोठा गोंधळ होतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती संपूर्ण पदवीसाठी. विनिमयात विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो. एक किंवा दोन सत्रे बाहेर शिकतो आणि तिथले गुण इथल्या गुणपत्रिकेत जमा होतात. फी साधारणपणे आपल्याच कॉलेजात भरायची असते. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र वेगळा, आणि खरी गोम तिथेच आहे.

युरोपात ही पद्धत रुजली तिच्यामागे एका मुलीचा अपमान आहे. सोफिया कोराडी ही रोमची विद्यार्थिनी १९५७-५८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आली. होय, तेच कोलंबिया, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. परतल्यावर तिने तिथले शिक्षण मान्य करण्याची विनंती केली, तेव्हा तिच्या विद्यापीठातल्या कारभाऱ्याने तिची बोळवण केली. पुढे तिने वर्षानुवर्षे हा विषय लावून धरला आणि १९८७ साली ‘इरॅस्मस’ ही विनिमय योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी होते. आज ही संख्या लाखांत मोजतात आणि युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही वाट मोकळी आहे. एका टेबलावर नाकारलेला कागद कुठवर जातो पाहा. आम्ही स्वतः टेबलामागे बसणारे, म्हणून हे जरा जास्तच लागले.

आता बोलोन्या. इथल्या विद्यापीठाचे स्थापना वर्ष परंपरेने १०८८ धरतात आणि पाश्चात्त्य जगातले सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून त्याचा मान आहे. मात्र कोणी राजा आला, कोनशिला बसवली, असा प्रकार नाही. कायदा शिकण्यासाठी जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इंग्लंडहून तरुण इथे येत. त्यांना या गावात नागरिकाचे हक्क नव्हते. त्या काळी अशी रीत होती की एखादा परदेशी कर्ज बुडवून पळाला तर सावकार त्याच्या देशातला जो हाती लागेल त्याच्याकडून वसुली करी. बँकेत इतकी वर्षे काढली, पण जामीन न राहिलेल्या माणसाकडून वसुली आम्ही ऐकली नव्हती! बाराव्या शतकाच्या मध्याला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्यार्थ्यांना संरक्षण देणारे फर्मान काढले, त्यात ही वसुली बंद केली.

पण नुसत्या फर्मानावर ते तरुण विसंबले नाहीत. त्यांनी देशवार संघ केले, संघांचे महासंघ केले आणि त्या महासंघालाच ‘उनिव्हेर्सितास’ म्हणत. म्हणजे युनिव्हर्सिटी हा शब्द इमारतीचा नव्हे, परक्या मुलांच्या संघटनेचा. गावातल्या मुलांना त्यात मतच नसे, कारण त्यांना नागरिकत्वाचे संरक्षण आधीच होते. प्राध्यापकांचे मानधन विद्यार्थी देत आणि नियमही तेच करीत. तास उशिरा सुरू केला की दंड. व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत तर प्राध्यापक गैरहजर धरून दंड. गाव सोडायचे तर प्राध्यापकाने परवानगी घ्यायची. (आमच्या वेळच्या काही प्राध्यापकांची इथे आठवण झाली, पण ते असो.) घरभाडे वाढले तर विद्यार्थ्यांचे आणि नगराचे प्रतिनिधी मिळून भाडे ठरवीत, आणि अगदीच अन्याय झाला तर सगळे गाव सोडून जाण्याची धमकी. ती पोकळ नव्हती. १२२२ साली बोलोन्या सोडून गेलेल्या मंडळींतूनच पादुआचे विद्यापीठ उभे राहिले.

या गर्दीची खूण शहराच्या अंगावर आहे. माणसे वाढली तशी लोकांनी घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, त्यांना खालून खांब दिले, आणि खांबांमागे छपराखालची वाट तयार झाली. इतर शहरांनी अशी बांधकामे पाडली. बोलोन्याने १२८८ साली नवीन घराला अशी वाट ठेवणे सक्तीचे केले. जागा मालकाची, चालण्याचा हक्क सर्वांचा. सगळ्या मिळून त्या ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भाची सांगे, पावसात छत्री न घेता घरापासून वर्गापर्यंत जाता येते. गावाच्या मध्यभागी दोन जुने मनोरे आहेत. मोठा आसिनेल्ली सुमारे ९७ मीटर उंच, ४९८ पायऱ्यांचा. पदवीआधी त्यावर चढला तो पदवीला मुकतो, अशी तिथल्या विद्यार्थ्यांत समजूत. आपल्याकडेच अंधश्रद्धा असतात असे नाही. दुसरा, गारिसेंदा, इतका कलला की २०२३ साली भोवतालचा भाग बंद करावा लागला.

राहण्याविषयी मात्र आम्ही गोड बोलणार नाही. सुमारे चार लाखांचे शहर, आणि विद्यापीठाचे विद्यार्थी, इतर गावांतल्या शाखा धरून, ऐंशी हजारांहून अधिक. वसतिगृहे अपुरी. २०२३ साली मिलानच्या एका विद्यार्थिनीने भाड्याच्या निषेधार्थ विद्यापीठासमोर तंबू ठोकला आणि ते आंदोलन इटलीभर पसरले. आमच्या भाचीने खोलीसाठी कित्येक फोन केले. उच्चार ऐकून दोघा-तिघांनी “खोली आत्ताच गेली” म्हणून सांगितले. जाहिरात मात्र आठवडाभर तशीच होती. ती आम्हांस म्हणाली, “मामा, इथे आडनाव विचारत नाहीत, देश विचारतात.” यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही. आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याची खोली शोधली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

शेवटी तिला सिसिलीच्या एका मुलीसोबत खोली मिळाली. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला तिथे ‘फुओरी सेदे’ म्हणतात आणि दक्षिण इटलीतली मुले त्यांत पुष्कळ. त्या मुलीने तिला सांगितले की १९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिणेकडचे लोक उत्तरेला कारखान्यांत कामाला गेले, तेव्हा तुरीन शहरात ‘दक्षिणेकडच्यांना घर मिळणार नाही’ अशा पाट्या लागत. एकाच देशाचे, एकाच धर्माचे लोक! भाची म्हणते, त्या रात्री दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसल्या. भाषा दोघींचीही मोडकी. तिकडची इंग्रजी, इकडची इटालियन.

परीक्षेची पद्धत ऐकून आम्हांस नवल वाटले. गुण तीसपैकी, उत्तीर्ण व्हायला अठरा. बऱ्याच परीक्षा तोंडी. प्राध्यापकासमोर बसायचे, इतर मुले मागे बसून ऐकतात. मिळालेले गुण पसंत नसतील तर विद्यार्थी ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. भाचीला बावीस दिले. ती मान डोलावून उठू लागली, तेव्हा मैत्रिणीने मागून खूण केली. ती म्हणाली, “मला पुन्हा बसायचे आहे.” प्राध्यापकांनी शांतपणे वहीत नोंद केली, कपाळावर आठीदेखील नाही. पुढच्या खेपेस सत्तावीस मिळाले. मित्रहो, आपल्या मुलांना लेखी पेपरात भीती नसते. साहेबासमोर तोंड उघडण्याची असते. आमच्या मते तिचे सहा महिने त्या एका वाक्यासाठीही वाया गेले नसते.

एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १२५६ साली बोलोन्याच्या नगरसभेने आपल्या हद्दीतील सर्व भूदास मुक्त केले. मालकांना सरकारी खजिन्यातून पैसे दिले; चौदा वर्षांवरील माणसामागे १० लिरा, त्याखालील मुलामागे ८ लिरा. मुक्त झालेल्या ५,८५५ जणांची नावे एका ग्रंथात लिहिली. ‘पाराडिसुस’ म्हणजे नंदनवन या शब्दाने त्याचा आरंभ होतो, म्हणून त्याला ‘लिबेर पाराडिसुस’ म्हणतात. तो आजही तिथल्या अभिलेखागारात आहे. यात सगळा दयाभाव होता असे समजू नये. भूदास कर देत नसे, मुक्त माणूस देई. नगराला करदाते हवे होते. आणि पैसे मिळाले ते मालकांना, राबणाऱ्यांना नव्हे. तरीही नावे लिहिली गेली. ज्यांचा हिशेब जनावरांबरोबर होई त्यांचे प्रत्येकाचे नाव, कोणा मालकाकडून सुटला त्यासह, कारकुनांनी बसून लिहून काढले. आमच्या धंद्याविषयी अभिमान वाटावा असे प्रसंग थोडे. त्यांत आम्ही हा धरतो.

आता व्यवहाराचे. व्हिसासाठी खर्चाची रक्कम, राहण्याची सोय आणि विमा यांचे पुरावे लागतात. तिथे पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत पोस्टात मिळणारा संच भरून राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. पुढे बोटांचे ठसे घेतात. परवाना येईपर्यंत पोस्टाची पावती हाच पुरावा, म्हणून ती जिवापाड जपावी. ‘कोदिचे फिस्काले’ हा कर क्रमांक भाडेकरारापासून बँक खात्यापर्यंत सगळीकडे विचारतात. खोलीचे भाडे घर पाहिल्याशिवाय आगाऊ पाठवू नये; यात पुष्कळ फसवणूक होते आणि परदेशी गेलेला पैसा परत आणणे सोपे नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ज्यांना पूर्ण पदवीसाठी जायचे आहे त्यांच्यासाठी त्या प्रांताची ‘एर्गो’ नावाची संस्था कुटुंबाचे उत्पन्न पाहून शिष्यवृत्ती देते. त्यासाठी इथले उत्पन्नाचे कागद अनुवादित आणि साक्षांकित करावे लागतात. त्यात महिने जातात, म्हणून निवड होण्याची वाट न पाहता कामाला लागावे.

आम्ही दर रविवारी सकाळी दहा ते बारा संस्थेच्या वाचनालयात बसतो. ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांनी गुणपत्रिका, जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट, नसेल तर जन्माचा दाखला, यांच्या दोन-दोन प्रती घेऊन यावे. मुलींनी विशेष करून यावे. आमची भाचीही पुढचे दोन रविवार तिथे असेल.