सग्वारोंमधली सोपी वाट

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात,
टूसान शहराजवळ,
सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे.

सग्वारो म्हणजे उंच, काटेरी निवडुंग.
त्यांच्यामधून डेझर्ट डिस्कव्हरी ही पायवाट जाते.
वाट छोटी, पक्की, जवळपास सपाट.
वयस्करांनाही सहज जमणारी.

श्रोतेहो, सग्वारो फार सावकाश वाढतो.
इतका सावकाश,
की पहिली फांदी फुटायला
साधारण 75 वर्षं लागतात.

पाऊस पडला,
की पेटीच्या भात्यासारख्या त्याच्या चुण्या उघडतात.
खोड पाण्यानं फुगतं.

खोडातली भोकं बहुधा सुतारपक्ष्यांनी कोरलेली.
पुढे तिथे चिमुकली घुबडं राहायला येतात.
आयतं घर!

जूनच्या सुमारास फळं पिकतात.
इथले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधम लोक, ती काठीनं पाडतात.
काठीही वाळलेल्या सग्वारोचीच.

या वाटेवर फिरायला उन्हाळ्यात मात्र पहाटेच निघावं,
आणि भरपूर पाणी सोबत ठेवावं.