काच फुटते ती थंड होताना

(हस्तव्यवसाय शिक्षक, ग्रामीण कारागीर व विस्तार अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



काचेचा धंदा मराठी माणसाला परका नाही. लोकांनी पैसा-पैसा वर्गणी देऊन उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काच कारखाना निघाला. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीने ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचविला. त्या कारखान्यांत काचेचा रस करून ती फुंकली जात असे. आज ज्या कलेचा विचार करावयाचा आहे, तिच्यात रसाची भट्टी लागत नाही. काचेच्या पत्र्याचे तुकडे हिरकणीने कापावयाचे, एकावर एक मांडावयाचे आणि विजेच्या लहानशा भट्टीत ते एकजीव करावयाचे, एवढीच तिची रीत. रंगीत काचतुकडे असे एकजीव करून वाडगे घडविण्याची विद्या भूमध्य सागराच्या काठी इसवी सनापूर्वीच अवगत होती.

साधने थोडी असल्याने शाळा, महिला मंडळ किंवा घरचा कारागीर यांना ही कला आटोक्यातील वाटते, आणि ती आहेही. तथापि नवशिक्याचा उत्साह बहुधा फुटक्या मालापाशी मावळतो. ‘भट्टी फार तापली’ असा दोष तो देतो. वास्तविक, काच बहुधा तापविल्याने नव्हे, तर घाईने निवविल्याने फुटते. या एका गोष्टीचा उलगडा झाला, तर निम्मे शिक्षण झाले असे समजावयास हरकत नाही.

काच निवू लागली की तिचा पृष्ठभाग आधी आकसतो आणि गाभा मागून. काच मऊ आहे तोवर ही ओढाताण ती सामावून घेते. ती घट्ट होण्याच्या सुमारास पृष्ठभाग व गाभा यांच्या तापमानात तफावत राहिली, तर मात्र ताण आत कायमचा कोंडला जातो. तो काढण्यासाठी काच विशिष्ट तापमानाला थोपवून मग सावकाश निववितात. या क्रियेला ॲनीलिंग म्हणजे मंद शीतन म्हणतात. खिडकीच्या साध्या काचेसाठी हे तापमान सुमारे ५४० ते ५५० अंश सेल्सियस असते. कंदिलाच्या चिमणीलाही याच क्रियेतून जावे लागे.

खिडकीच्या ३ मिलिमीटर जाडीच्या काचेचे दोन थर एकजीव करावयाचे असल्यास क्रम साधारणपणे असा ठेवावा. प्रथम ताशी सुमारे १५० अंशांनी तापवावे. ६५० अंशांच्या आसपास अर्धा तास थांबावे, म्हणजे थरांमधील हवा निघून जाते. नंतर ८०० ते ८२० अंशांपर्यंत नेऊन दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. तेथून ५५० अंशांपर्यंत भट्टी लवकर उतरू द्यावी व तेथे एक तास थोपवावी. मग ताशी ६० ते ८० अंशांनी ४०० अंशांपर्यंत उतरवून वीज बंद करावी. भट्टी हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत दार उघडू नये. प्रत्येक भट्टीचा स्वभाव वेगळा असल्याने या आकड्यांत थोडा फेरफार करावा लागतो. यासाठी वहीत प्रत्येक खेपेची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. जाडी वाढली तर काळ त्याच प्रमाणात वाढवून भागत नाही. निवविण्याचा वेग तोच ठेवला, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दुप्पट जाडीच्या वस्तूला सुमारे चौपट सावकाश निववावे लागते.

वस्तू फुटलीच, तर तुकडे फेकून देऊ नयेत, कारण दोष कोठे झाला ते तुकडेच सांगतात. भेगेच्या कडा गोलसर झाल्या असतील, तर काच चढत्या तापात फुटली व पुढे कडा वितळल्या. अशा वेळी तापविण्याचा वेग कमी करावा. कडा धारदार असतील, तर ती उतरत्या तापात किंवा त्यानंतर फुटली असे समजावे. भेग दोन रंगांच्या सांध्याला धरून गेली असेल, तर त्या दोन काचांचे एकमेकींशी जमत नाही.

हे न जमणे म्हणजे काय, हेही पाहू. तापल्यावर किती फुगावे आणि निवल्यावर किती आकसावे, याचे प्रत्येक काचेचे माप निराळे असते. त्यास प्रसरण गुणांक म्हणतात. भिन्न गुणांकाच्या काचा भट्टीत एकजीव दिसतात, परंतु निवताना एक दुसरीला ओढते. आपल्याकडे रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही. त्या वापरण्याची कल्पना स्तुत्य आहे. मात्र एका कारखान्याची बाटली दुसऱ्याच्या बाटलीशी किंवा खिडकीच्या काचेशी जमेलच असे नाही. एका वस्तूत एकाच पत्र्याची किंवा एकाच बाटलीची काच वापरणे सर्वांत निर्धोक. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९७४ साली स्थापन झालेल्या बुल्सआय कंपनीसारखे उत्पादक परस्परांशी जुळणारी म्हणून तपासलेली रंगीत काच विकतात. ती महाग असते, हे खरे.

जुळणी तपासण्याची सोपी रीत आहे. पारदर्शक काचेच्या पट्टीवर संशयित काचेचा लहान तुकडा व शेजारी त्या पट्टीचाच एक तुकडा ठेवून भट्टीत एकजीव करावे. नंतर पट्टी दोन पोलरॉइड कागदांमध्ये धरावी. हे कागद एकमेकांशी आडवे-उभे असे फिरवावेत, की त्यांतून प्रकाश जवळजवळ येऊ नये. संशयित तुकड्याभोवती उजळ वलय दिसले, तर जोडी जमत नाही. स्वतःच्याच काचेच्या तुकड्याभोवतीही उजळपणा दिसला, तर दोष जुळणीचा नसून मंद शीतनाचा आहे.

इतर तक्रारींचीही कारणे शोधता येतात. पृष्ठभाग दुधाळ होणे म्हणजे त्यावर स्फटिक धरणे. धूळ व बोटांचे डाग यांमुळे ते लवकर धरतात. म्हणून काच स्वच्छ धुऊन पुसावी आणि ७०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात विनाकारण रेंगाळू नये. काच वितळल्यावर सुमारे ६ मिलिमीटर जाडी धरू पाहते. त्यामुळे एकेरी पातळ थर आत ओढला जातो, आणि तीन थर बाहेर पसरतात. काच भट्टीच्या फळीला चिकटत असेल, तर ॲल्युमिना व चिनी माती यांचा लेप नव्याने द्यावा व पूर्ण वाळू द्यावा. टफन्ड काच मात्र या कामी आणूच नये. तिच्यावर हिरकणी चालविली की तिचा चुरा होतो.

काम चालू असता वीज गेल्यास घाबरून दार उघडू नये. बंद भट्टी आपल्या वेगाने निवेल. वीज आल्यावर वस्तू अभंग असल्यास ती पुन्हा सावकाश ५५० अंशांपर्यंत नेऊन मंद शीतन नव्याने करता येते. जुना लेप खरवडताना उडणारी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. म्हणून लेप ओला करून काढावा, योग्य मुखपट्टी बांधावी आणि मुलांना दूर ठेवावे. काच कापताना चष्मा अवश्य लावावा. शिसे असलेल्या रंगांनी रंगविलेले ताट जेवणाला देऊ नये.

आता दोन शब्द व्यवस्थापकांसाठी. भट्टी खरेदी करताना तापमापक व नियंत्रक यांवरील खर्चाला कात्री लावू नये. त्यांच्यावाचून मंद शीतन अंदाजाने होते, आणि काचेला अंदाज चालत नाही. वर्गाचा हिशेब ‘आठवड्यात किती खेपा झाल्या’ असा मागितला, की शिक्षक भट्टी लवकर उघडतो. हिशेब ‘किती वस्तू अभंग राहिल्या’ असा मागावा. कारण ताण कोंडलेली वस्तू भट्टीतून निर्दोष दिसते, दुकानात विकली जाते, आणि काही दिवसांनी गिऱ्हाइकाच्या घरी, कोणी हात न लावताही फुटते. तिच्याबरोबर त्या गावच्या मालावरील विश्वासही फुटतो, आणि तो कोणत्याही भट्टीत पुन्हा जोडता येत नाही. एक रात्र अधिक थांबण्याची किंमत त्यापुढे काहीच नाही.