जाळाला वाट करून देणारा डबा



गडावर मुक्कामाला गेलेल्या कोणालाही विचारा, खिचडीला इतका वेळ का लागला? लाकडं ओली होती, असंच उत्तर येईल. पण सरपण कडकडीत वाळलेलं असलं तरी तीन दगडांच्या चुलीत बरीचशी उष्णता पातेल्याला भेटतच नाही. काही वारा नेतो, काही दगड पितात आणि काही न जळलेल्या धुरातून निघून जाते. आपण मात्र आणखी एक ओंडका आत सारतो.

धुराचं दुखणं आपल्याकडे जुनं आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ घडवली गेली ती त्यासाठीच. पण धुराड्याची मातीची चूल पाठीवर घेऊन कोण चढणार? मुक्कामाच्या चुलीसाठी मला जवळचं वाटतं ते अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या डॉ. लॅरी विनियार्स्की यांचं काम. १९८० च्या दशकात त्यांनी ‘रॉकेट स्टोव्ह’ची तत्त्वं मांडली. ती रिकाम्या डब्यांतून घरी उतरवता येतात.

तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा घ्या. त्यात सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची, काटकोनात वळलेली नळी बसवा. लहान डबे जोडूनही ती होते. आडवं तोंड खाली, बाहेर. उभा भाग वर, पातेल्याखाली. नळी आणि डबा यांच्यामध्ये चाळलेली कोरडी राख भरा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. राखेऐवजी माती किंवा वाळू ठासली, तर ती स्वतःच तापत बसते. राखेत हवा अडकते, म्हणून ती गोधडीसारखी ऊब धरते. नळी लवकर तापते, धूर आतच पेट घेतो आणि उभ्या नळीतून हवा आपोआप ओढली जाते. फुंकणीची गरज फारशी उरत नाही.

आडव्या तोंडात मधोमध पत्र्याची एक फळी ठेवा. काटक्या फळीवर, हवा फळीखालून. काटक्यांची फक्त टोकं जळली पाहिजेत. जळतील तशा त्या पुढे सरकवायच्या. पातेलं नळीच्या तोंडावर घट्ट टेकवू नका, नाहीतर जाळ गुदमरतो. भोवती पत्र्याचं कडं करा आणि पातेलं व कडं यांत जेमतेम एक सेंटिमीटर फट ठेवा. गरम हवा पातेल्याच्या अंगाला घासत वर जाते. एवढ्याशा पत्र्याने पडणारा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

अर्थात डबा कितीही चांगला असला तरी उंचीपुढे त्याचं चालत नाही. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ आधी भिजवून न्यावी. नळीचा पातळ पत्रा काही काळाने जळून झडतो, तो बदलावा लागतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आत मुळीच वापरू नका. तापल्यावर त्याची वाफ बाधते. तंबूत ही चूल पेटवणं जिवावर बेतू शकतं. आणि अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, तेव्हा वनखात्याला विचारल्याशिवाय काडी ओढू नका.

डबा तयार झाला की गडावर नेण्याआधी अंगणात एक प्रयोग करा. तेच पातेलं, तेवढंच पाणी, एकदा तीन दगडांवर आणि एकदा डब्यावर उकळा. दोन्ही वेळा लाकूड तोलून घ्या आणि आकडे वहीत लिहून ठेवा.