औषध मुलाकडे गेले पाहिजे

(कासुर्डी, ता. दौंड येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



बेघर मुलांचा प्रश्न मुंबई-पुण्याचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु कासुर्डी पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेली आहे आणि पलीकडे दौंडचे जंक्शन आहे. घर सोडून निघालेला मुलगा पुण्यास पोहोचण्यापूर्वी याच पट्ट्यात एखाद्या ढाब्यावर भांडी घासताना किंवा गुऱ्हाळावर चिपाडे वाहताना आढळू शकतो.

काहिलीतल्या रसाने हात भाजला, टाचेची जखम चिघळली, तरी हा मुलगा दवाखान्याची पायरी चढत नाही. तेथे नाव, गाव आणि सोबत कोण, हे आधी विचारले जाते. आणि नेमके तेच त्याला सांगावयाचे नसते. म्हणून औषध त्याच्याकडे गेले पाहिजे. ‘सलाम बॉम्बे’ या १९८८ च्या चित्रपटानंतर मुंबईत उभ्या राहिलेल्या सलाम बालक ट्रस्टने रस्त्यावरील मुलांमध्ये काम केले. समतोल फाउंडेशनचे कार्यकर्ते रेल्वेच्या फलाटांवर मुलांना गाठतात. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे भीक मागणाऱ्यांवर रस्त्यातच उपचार करतात.

या कामात वेळ पाळणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. ठरल्या वारी, ठरल्या जागी पेटी उघडावयाची, जखम धुवावयाची, धनुर्वाताची सुई द्यावयाची, चौकशी नंतर. पंक्चरचे सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाची भूक मरते, खोकल्याकडेही लक्ष राहत नाही. तो खोकला क्षयाचा निघाला तर सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. ज्याला उशाशी ठेवण्यास पिशवी नाही, त्याने त्या ठेवाव्यात कोठे? माझ्या मते ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवाव्यात आणि रोजची गोळी त्याने समोर द्यावी.

येथे एक पेच आहे, तो लपवीत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे हरवलेले किंवा निराधार दिसणारे मूल आढळल्यास २४ तासांच्या आत कळविणे आपणा सर्वांवर बंधनकारक आहे. १०९८ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. परंतु मलमपट्टीबरोबर पोलिसाची टोपी दिसली, तर मुलगा पट्टी सोडून पळतो. म्हणून काय होणार आहे, त्याला कोठे नेणार आहेत, हे आधी त्यालाच समजेल अशा शब्दांत सांगावे. कळविणे टाळू नये. फसवून नेऊ नये.

आणि जो १९ वर्षांचा आहे, त्याचे काय? संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. जो संस्थेत कधी गेलाच नाही, त्याला ती लागू नाही. त्याच्यापुरता फिरता दवाखाना हेच एकमेव दार उरते. हा दोष आपण वरपर्यंत कळविला पाहिजे.

केडगाव आपल्यापासून दूर नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्या मुली दाराशी येतील, अशी वाट त्यांनी पाहिली नाही.

ग्राम बाल संरक्षण समितीच्या पुढील बैठकीत तीन गोष्टी ठराव्यात, अशी विनंती आहे: गुऱ्हाळे व ढाब्यांवर आठवड्यातून एकदा फेरी कोणी मारावयाची, तीत आरोग्यसेविका असेल काय, आणि पट्टी बदलण्यासाठी मुलास यवतच्या रुग्णालयात नेताना सोबत कोण जाणार. त्या मुलाजवळ बसभाडे नसते, हेही इतिवृत्तात लिहून ठेवावे.